अकरावा थेंब

मुस्तालाम्पी म्हणजे काळं तळं;
पण बाटलीत भरलं की ते काळं नसतं,
दोनदा उकळलेल्या कोऱ्या चहासारखं दिसतं.
एप्रिल. बर्फ अजून हातभर जाड.
तावी हुओवीनेनने गिरमिटाने भोक पाडून दिलं
आणि म्हणाला, याच पाण्याची कॉफी करतो मी,
रंग आयता मिळतो, पूड कमी लागते.
मी हसले नाही. हातमोजे ओले होते.
मग त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं,
शिसं सापडतं म्हणे तुझ्या त्या कांडीला?

हजारो वर्षांचं शेवाळ इथे कुजतं आहे,
पुरतं न कुजता.
त्याचाच हा रंग. ह्युमिक आम्लं म्हणतात,
ज्यांचा रेणू कुणालाच नीट काढून दाखवता येत नाही.
विद्यार्थी विचारतात तेव्हा मी फळ्यावर
एक गुंतवळ काढते
आणि खडू ठेवून देते.

काजानीला, प्रयोगशाळेत:
कार्बनच्या टोकाला बिस्मथचा पातळ मुलामा,
पाण्यातून पाच मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे,
मग ऋण विभव, दोन मिनिटं, ढवळत.
मोकळं असेल तेवढं शिसं येऊन टोकावर बसतं.
ढवळणं थांबवायचं, विभव हळूहळू वर न्यायचं;
आपली पायरी आली की शिसं उठून निघून जातं
आणि जाताना पडद्यावर एक शिखर सोडतं.
जेवढी उंची, तेवढं शिसं. एवढंच तिला बोलता येतं.

शिशाचा पहिला थेंब. रेघ सपाट.
दुसरा. सपाट.
पाचव्याला वाटलं कांडीच मेली.
शुद्ध पाण्यात बुडवून पाहिली, शिशाचा एकच थेंब टाकला:
शिखर टोकदार, ताठ.
म्हणजे कांडी खरंच बोलत होती.
थेंब पडत होते आणि तळं ते पोटात घालत होतं,
एकेक, आवाज न करता,
आईने वडिलांचं पिणं घातलं तसं,
असं नोंदवहीत लिहिणार होते.
लिहिलं: मोकळं शिसं, आढळत नाही.

अकराव्या थेंबाला रेघ जराशी उचलली.
बाराव्याला शिखर.
पोटालाही माप असतं तर,
आणि ते मला दशांश चिन्हापुढे तीन घरं
लिहिता येतं.

मग नायट्रिक आम्ल. सामू दोन.
रात्रभर तसंच ठेवलं.
सकाळी काचेच्या तळाशी तपकिरी कण बसलेले,
गुंतवळीने मूठ सोडलेली,
पोटातलं सगळं ओठांवर.
शिखर पडद्याबाहेर गेलं, मापपट्टी बदलावी लागली.
माझे बारा थेंब मोजून वजा केले.
तरी उरलं.
पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच उरलं.

तावीला फोन लावला.
बराच वेळ त्याच्या घड्याळाचा आवाज येत होता.
मग म्हणाला, बाप जाळ्यांची वजनं घरीच ओतायचा,
चुलीवर, आईच्या निकामी तव्यात वितळवून,
बर्चच्या साच्यात.
नंतर मीही. नव्वद सालापर्यंत.
दर हिवाळ्यात बर्फ दोनतीन जाळी गिळायचा,
खाली धरून चल हजारेक वजनं.
ते आमचंच आहे का, इर्या?

मी म्हणाले, कांडी किती ते सांगते,
कुणाचं ते नाही.
हे खरं होतं.
उत्तर नव्हतं.

आणि कॉफी?

नोंदवही समोर उघडीच होती. सामू दोन.
जेवल्यानंतर नव्हे, सकाळी, रिकाम्या पोटी,
माणसाच्या जठराचाही साधारण तेवढाच.
नळाचं पाणी वापरत जा, मी म्हणाले.

त्याला रंग नसतो गं,
तो म्हणाला.